पोस्ट विकायला निघालेल्यांना

"पोस्टात हल्ली जातं तरी कोण? तोट्यातलं खातं आहे, विकून टाका एकदाचं." हे वाक्य आता इतक्या सहजपणे उच्चारलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. वाहिन्यांवरच्या चर्चेत ते येतं, अग्रलेखांत येतं, स्वतःला सुधारणावादी म्हणवणारे मित्र जेवणाच्या टेबलावर ते ऐकवतात. पोस्टाची बाजू घेणारा माणूस म्हणजे पिवळ्या पोस्टकार्डाच्या आठवणींत रमलेला कुणीतरी म्हातारा, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. मला ह्या सगळ्याचा मनापासून संताप येतो. संतापाचं कारण आठवणी नाहीत. ज्यांचं पोस्टावाचून काहीही अडत नाही, ते ज्यांचं अडतं त्यांच्या वतीने निकाल देऊन मोकळे होतात, हे ते कारण आहे.

त्यांची मांडणी त्यांच्याच शब्दांत सांगतो. पत्रं लिहिणं संपलं. पैसे फोनवरून जातात. पार्सल कुरियरवाला दारात आणून देतो. मग दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं, लाखो कर्मचारी आणि दरवर्षीची हजारो कोटींची तूट करदात्याने का सोसायची? ब्रिटनने रॉयल मेल विकली, जर्मनीने आणि जपाननेही टपालखात्याच्या कंपन्या करून शेअर बाजारात उतरवल्या. आपणही विकावं, वर एक नियामक बसवावा, बाकीचं स्पर्धा बघून घेईल.

तोट्यापासूनच सुरुवात करू. भारतात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. ती तिथे नफा दिसला म्हणून उघडली गेली नाहीत. तिथे माणसं राहतात म्हणून उघडली गेली. पोस्टकार्ड पन्नास पैशांना विकायचं आणि ते पोचवायला त्याच्या कितीतरी पट खर्च करायचा, हा निर्णय काही काउंटरवरच्या कारकुनाचा नव्हे. सरकारने धोरण म्हणून दर खाली ठेवायचे आणि मग त्याच दरांमुळे पडलेल्या तुटीला खात्याची नालायकी म्हणायचं, हा कुठला हिशेब? गावच्या रस्त्याने यंदा नफा किती कमावला, असं कुणी विचारत नाही. पोस्टाला मात्र विचारतात.

तुटीचा हा पैसा नेमका कुठे जातो, तेही जवळून बघा. कुठल्याही खेड्यातलं शाखा पोस्ट ऑफिस घ्या. बहुतेक ठिकाणी त्याला स्वतःची इमारत नसते. ब्रँच पोस्टमास्तरने स्वतःच्या घराची पडवी नाहीतर एखादी खोली द्यायची, ही नोकरीचीच अट असते. तिथे एक टेबल, वजनकाटा, तारखेचा शिक्का, शाईचं पॅड, लोखंडी पेटी आणि अलीकडे हातात मावणारं एक यंत्र, ज्याला रेंज मिळावी म्हणून कित्येकदा अंगणात यावं लागतं. एसटीने पिशवी येते. तिच्यातून बँकेचं एटीएम कार्ड निघतं, कोर्टाची नोटीस निघते, भरतीचं पत्र निघतं. त्याच टेबलावर कुणाची विधवा पेन्शन अंगठा लावून काढली जाते, कुणी मुलीच्या सुकन्या खात्यात अडीचशे रुपये भरतं. हे सगळं सांभाळणारा ग्रामीण डाक सेवक पूर्णवेळ सरकारी नोकरही मानला जात नाही. २०१८च्या सुधारणेनंतर चार तासांच्या कामाचा त्याचा मूळ भत्ता दहा-बारा हजारांपासून सुरू होतो. ऐतखाऊ नोकरशाही म्हणतात ती हीच का?

आणि निवृत्तिवेतन? पगार आणि पेन्शन हाच टपालखात्याच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग. खातं विकलं म्हणून निवृत्त पोस्टमनचं पेन्शन थांबणार आहे का? ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहा. रॉयल मेल विकायच्या आधी, २०१२ साली, तिथल्या सरकारने कंपनीची जुनी पेन्शन योजना स्वतःच्या अंगावर घेतली. योजनेत जमा असलेले अठ्ठावीस अब्ज पौंड तर घेतलेच, पण त्याहून कितीतरी अब्जांनी मोठ्या देण्याचं ओझंही करदात्याच्या खांद्यावर आलं. मग स्वच्छ झालेली कंपनी बाजारात नेली. म्हणजे तोटा जनतेकडे आणि तोट्यातून मोकळी झालेली मालमत्ता गुंतवणूकदारांकडे. करदात्याचा कळवळा असलेल्यांनी हा व्यवहार एकदा समजावून सांगावा.

रॉयल मेलचं उदाहरण आपल्याकडे सतत दिलं जातं, तेव्हा त्याचा नीटच समाचार घेऊ. मार्गारेट थॅचर यांनी टेलिफोन, गॅस, विमान कंपनी विकली, पण टपालाला हात लावला नाही. ते काम २०११च्या टपाल सेवा कायद्याने केलं. त्या कायद्याने शंभर टक्के विक्रीला वाट दिली आणि देखरेख ऑफकॉम ह्या नियामकाकडे सोपवली. ऑक्टोबर २०१३मध्ये शेअर ३३० पेनीला विकला. पहिल्याच दिवशी तो ४५५ पेनीवर बंद झाला, आणि पाच महिन्यांत मूळ किमतीपेक्षा सत्तर टक्क्यांहून जास्त वर गेला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने पुढच्या वर्षी स्पष्ट लिहिलं, की सरकारच्या अतिसावध पवित्र्याची किंमत करदात्याने मोजली. लोकांची मालमत्ता स्वस्तात गेली, हे त्याचं सरळ मराठी.

त्यानंतर सेवा सुधारली असती तर एकवेळ गिळता आलं असतं. विक्रीच्या वेळी फर्स्ट क्लास तिकीट ६० पेनीला होतं. एप्रिल २०२५मध्ये ते १७० पेनीला गेलं. एवढे पैसे घेऊन पत्र वेळेवर पोचतं का? २०२४-२५ या वर्षात फर्स्ट क्लासची ९३ टक्के पत्रं दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचवायची होती, पोचली ७७ टक्के. ऑफकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये ५६ लाख पौंड दंड केला, डिसेंबर २०२४मध्ये एक कोटी पाच लाख, ऑक्टोबर २०२५मध्ये दोन कोटी दहा लाख. दंडाचा आकडा दर वेळी वाढला, पत्रं उशिराच आली. लंडनमधल्या माउंट प्लेझंट इथली टपालाची मोठी जागा घरबांधणी कंपनीला विकली गेली. शेवटी २०२५मध्ये अख्खी कंपनीच क्रेतिन्स्की ह्या चेक अब्जाधीशाच्या समूहाने विकत घेतली. त्याच वर्षी जुलैअखेर नियामकाने सेकंड क्लासची पत्रं एक दिवसाआड वाटायला परवानगी दिली आणि त्या पत्रांचं शनिवारचं वाटप बंद झालं.

जागेचा मुद्दा आपल्याकडेही डोळे उघडे ठेवून वाचावा. मुंबईचं जीपीओ १९१३ साली बांधून झालं, बोरीबंदरला, शहराच्या ऐन मोक्यावर. देशातल्या जवळपास प्रत्येक जुन्या शहरात मुख्य पोस्ट असंच मध्यवस्तीत उभं आहे. पोस्ट घेणाऱ्याचा जीव पत्रांत असेल की ह्या जमिनींत, हे कळायला फार मोठं अर्थशास्त्र लागत नाही.

इथे खाजगीकरणवाले म्हणतात, की पत्रांची संख्याच घटली, त्याला मालक काय करणार? संख्या घटली हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये २०११-१२ साली चौदा अब्जांवर असलेली पत्रं २०२३-२४पर्यंत साडेसहा अब्जांच्या आसपास आली. पण खाजगी मालक हे आव्हान अधिक हुशारीने पेलेल, असं सांगूनच तर विक्री झाली होती! प्रत्यक्षात मालकाने केलं काय? दर वाढवले आणि कर्तव्य कमी करून मागितलं. हॉलंडमध्येही तेच. तिथली टपाल कंपनी पोस्टएनएल सार्वत्रिक सेवेसाठी, म्हणजे सगळीकडे सारख्या दराने टपाल पोचवण्यासाठी, सरकारकडे अनुदान मागत राहिली आणि ते मिळेना म्हणून कोर्टात गेली. जर्मनीत २०२४च्या नव्या कायद्याने पत्र पोचवायची मुदत सैल केली. अर्जेंटिनाने १९९७ साली टपाल खाजगी समूहाकडे दिलं, त्या समूहाने सरकारला द्यायची रक्कम थकवली आणि २००३ साली खातं परत सरकारकडे आलं. इतके देश, इतके वेगवेगळे मालक, आणि गोष्ट दर वेळी तीच निघते. हा योगायोग असेल?

डेन्मार्कचं प्रकरण तर ह्या सगळ्यांहून बोलकं आहे. तिथे टपालखातं खाजगी मालकाला विकलेलं नव्हतं. फक्त कायदा बदलला. २०२४च्या सुरुवातीपासून सार्वत्रिक सेवेचं बंधन काढलं आणि बाजार खुला केला. दोनच वर्षांत, ३० डिसेंबर २०२५ला, पोस्टनॉर्ड ह्या तिथल्या टपाल कंपनीने डेन्मार्कमधलं शेवटचं पत्र वाटलं. १६२४पासून चालत आलेली सेवा बंद झाली, रस्त्यांवरच्या सुमारे दीड हजार लाल पेट्या काढून घेतल्या. पत्रं आता एक खाजगी कंपनी तिच्या दराने वाटते. सेवेचा जीव मालकीहक्काइतकाच कायद्यातल्या एका ओळीत असतो. ती ओळ गेली की पाटी तीच राहूनही सेवा जाते. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या कायद्याकडे मी त्यासाठीच येणार आहे.

त्याआधी कुरियरबद्दल. "कुरियर आहे की!" पुण्या-मुंबईत, नागपूर-नाशकात आहे, कबूल. कुरियरच्या दुकानात जाऊन धडगावच्या डोंगरातल्या पाड्याचा किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावाचा पत्ता द्या, आणि पार्सल त्या घरापर्यंत जाईल का, ते विचारा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या चार पत्रांसाठी कुठली कंपनी माणूस ठेवील आणि का ठेवील? कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, तो तिचा धंदा आहे. पण जिथे धंदा नाही तिथेही ती जाईल, असं सांगणाऱ्यांना दोष द्यायलाच हवा. २००६ साली केंद्राने एक मसुदा तयार केला होता. ठरावीक वजनापर्यंतची पत्रं पोस्टासाठी राखून ठेवायची आणि मोठ्या कुरियर कंपन्यांनी उलाढालीतला काही वाटा सार्वत्रिक सेवेच्या निधीत भरायचा, असं त्यात होतं. कुरियर व्यवसायाने कडाडून विरोध केला आणि तो मसुदा कायदा झालाच नाही. स्पर्धा खेड्यापर्यंत पोचेल म्हणणारे खेड्याचा खर्च वाटून घ्यायला मात्र तयार नव्हते.

ह्याच कंपन्या पत्ता लिहून घेताना पहिली गोष्ट विचारतात ती पिनकोड. हा पिनकोड कुणाचा? १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालखात्याने तो देशभर लागू केला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं, कोकणातला हा माणूस सरकारी नोकरी करता करता संस्कृतात काव्यं-नाटकं लिहीत होता. आज ऑनलाइन बाजाराची सगळी उलाढाल ज्या सहा आकड्यांवर चालते, ते आकडे तोट्यातल्या म्हणवल्या जाणाऱ्या खात्याने देशाला फुकट दिले आहेत.

बचतीचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण जपानने त्याचं उत्तर आधीच दिलं आहे. पंतप्रधान कोइझुमींनी २००५ साली टपाल खाजगीकरणाचं विधेयक वरिष्ठ सभागृहात पडलं म्हणून कनिष्ठ सभागृह बरखास्त केलं, निवडणूक जिंकली आणि विधेयक मंजूर करून घेतलं. पुढे विमा विकण्याचे कोटे कर्मचाऱ्यांच्या मानेवर बसले. २०१९मध्ये उघड झालं, की पोस्टावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात नको असलेल्या, नुकसानीच्या पॉलिसी मारल्या गेल्या होत्या. संशयास्पद करारांची संख्या लाखाच्या वर होती. त्या वर्षअखेर टपाल समूहाच्या प्रमुखांना पायउतार होत असल्याचं जाहीर करावं लागलं. आपल्या पोस्टात १८८२पासून बचत बँक चालते. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे बाया तिथे ठेवतात, ते व्याजाचा दर बघून नव्हे, तर पैसा बुडणार नाही ह्या खात्रीने. ही खात्री कुणाच्या ताळेबंदात नफा म्हणून दाखवायची?

आता आपला कायदा. मला सगळ्यात जास्त चीड आहे ती इथे, आणि इथे विकणाऱ्या आणि न विकणाऱ्या दोघांनाही जाब विचारायचा आहे.

१८९८चा इंग्रजांचा टपाल कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ आला. लोकसभेत तो १८ डिसेंबर २०२३ रोजी मंजूर झाला. त्याच दिवशी तिथल्या ३३ विरोधी खासदारांचं निलंबन झालं, त्यामुळे चर्चा कितपत झाली असेल ते समजून घ्या. १८ जून २०२४पासून तो लागू आहे. खाजगीकरणाचा प्रश्नच नाही, असं मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. ठीक. पण कायदा वाचा. पत्रं वाहून नेण्याचा जो एकाधिकार जुन्या कायद्याच्या चौथ्या कलमात होता, तो गेला. तिकिटं काढण्याचा तेवढा राहिला. सेवा कोणत्या द्यायच्या, ते केंद्र सरकार नियमांनी ठरवणार, आणि दर टपालखात्याचे महासंचालक ठरवणार. प्रत्येक गावाला टपाल मिळालंच पाहिजे, देशभर एकच दर असला पाहिजे, अमुक दिवसांत ते पोचलं पाहिजे, ह्यातलं एक वाक्यही कायद्यात नाही. ब्रिटनच्या २०११च्या कायद्यात, विक्रीच्या त्या कायद्यातसुद्धा, सोमवार ते शनिवार प्रत्येक घरी पत्रवाटप आणि सगळीकडे सारखा दर, हे कलमातच लिहिलेलं आहे. लिहिलं होतं म्हणून निदान दंड तरी करता आला. आपल्याकडे उद्या कोर्टात गेलात तर बोट कुठल्या कलमावर ठेवाल?

कायद्यात काय आहे, तेही सांगतो. नवव्या कलमात टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार आहे. त्याची कारणं ऐसपैस आहेत, राज्याच्या सुरक्षिततेपासून इतर कुठल्याही कायद्याच्या उल्लंघनापर्यंत. हा अधिकार कुणी तपासायचा, किती दिवस वापरायचा, ह्याची बंधनं कायद्यात नाहीत. फोन टॅपिंगबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बंधनं घालून दिली होती, तरी नाहीत. दहावं कलम खात्याला नुकसानीच्या जबाबदारीतून सोडवतं, नियमांत ठेवली असेल तेवढीच जबाबदारी उरते. म्हणजे तुमचं पत्र उघडण्याचा हक्क कायद्यात पक्का आणि ते पोचवण्याचं कर्तव्य नियमांच्या भरवशावर. १९८६ साली अशाच अधिकारांचं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. ते पुढे कधीच कायदा झालं नाही. सदतीस वर्षांनी असेच अधिकार कायद्यात आले आणि फारसं कुणी हललंही नाही.

कर्तव्य कायद्यात नसलं की काय होतं, ते पुस्तकं पाठवणाऱ्या प्रत्येक मराठी प्रकाशकाला माहीत आहे. डिसेंबर २०२४मध्ये छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा नव्या विनियमांबरोबर गेली. चर्चा नाही, संसद नाही. ओरड झाल्यावर १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट नावाची नवी सेवा सुरू केली, तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. कदाचित ह्यातले काही बदल चांगलेही असतील. पण रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो. ज्या सेवेवर माणसाचं घर, जमीन, पोटगी अवलंबून आहे, ती एका परिपत्रकाने बदलते, हे कुणाला खटकत कसं नाही?

"नियामक नेमला की झालं" म्हणणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं आहे, की नियामक कायद्यात लिहिलेल्या कर्तव्याचीच राखण करू शकतो. आपल्या कायद्यात कर्तव्यच नाही, तर तो राखणार काय? अशा अवस्थेत पोस्ट विकणं म्हणजे ब्रिटनहून वाईट, डेन्मार्कच्या वाटेने जाणं आहे. आणि डेन्मार्कच्या नागरिकाकडे निदान घरोघरी इंटरनेट आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमचे खासदार पुढच्या वेळी समोर आले की त्यांना तीन गोष्टी विचारा. देशातल्या प्रत्येक गावात, एकाच दराने, ठरलेल्या दिवसांत टपाल पोचवणं हे सरकारचं बंधन आहे, असं पोस्ट ऑफिस कायद्यात कधी लिहिणार? त्यासाठी लागणारा पैसा तूट म्हणून हिणवण्याऐवजी अर्थसंकल्पात उघडपणे, त्याच नावाने कधी देणार? आणि टपाल उघडण्याच्या अधिकारावर स्वतंत्र देखरेख कधी बसवणार? ह्या तिन्हींची उत्तरं कायद्याच्या कलमांत छापून येत नाहीत, तोवर पोस्ट विकायचा विषय कुणी काढू नये.